शून्य तुटलेली टेप

बेलापूरच्या बुरुजावर टेपचं दुसरं टोक धरायला
ऑफिसने कबूल केलेला पोरगा आलाच नाही.
चांगुणा तांडेल आली,
म्हणजे तिच्या शेळ्या आल्या आणि त्यांच्यामागे ती,
दिवाळ्याची, कमरेला कोयता.
"धर म्हनतेस तं धरते," म्हणाली,
"पन उन्हं चढली का मी जानार."

घेर लिहिला. उंची, उरली आहे तेवढी.
खाली काळा दगड, घडीव, मोठाला,
वर जावं तसा लहान होत गेलेला,
जणू बांधणाऱ्यांचे पैसे संपत आले होते
किंवा पावसाळा जवळ.
बुरुजाचं अंग आत कललेलं, दर हाताला दोन बोटं.
तोफेचा गोळा यावा आणि घसरून जावा
म्हणून असं, पुस्तकात असतं.
चांगुणा म्हणाली, शेळ्यांना चढाया बरं पडतं.
मी दोन्ही नोंदवलं.

सांध्यांत चुना. नखाने खरवडला तरी अजून करकरीत.
त्यात गूळ असतो, हरडा असतो, बेलफळाचा गर असतो,
आणि इथे बोटाला लागले शिंपल्यांचे तुकडे,
भट्टीत नीट न जळलेली खाडी.
तिने एक तुकडा उन्हात धरला.
"तिसरी हाय ही. आजून गावते.
पयल्यावानी नाय."

मग जंग्या.
आतून माणूस मांडी घालून बसेल असा कोनाडा,
बाहेरून मूठभर फट.
आतल्याला अख्खी खाडी दिसावी,
खाडीतल्याला आतलं काही दिसू नये,
एवढा साधा हिशेब,
आणि त्यापायी एकेक दगड तिरका तासलेला.
तळाचा उतार मोजायला वाकले,
पेन्सिल ठेवली क्षणभर,
ती घरंगळली,
सावकाश, मग भरभर,
आणि फटीतून बाहेर.
शेळी हाकायला खाली गेलेली चांगुणा ओरडली,
"याच्यासाठीच केलंय ना गो ते भोक!"
त्या जंगीतून सुटलेलं सगळ्यात अलीकडचं काही
चिखलात रुतलं. कुणाला लागलं नाही.

शेजारची जंगी सरळ आहे, दूरच्यासाठी.
तिला डोळा लावला.
ओहोटी, तिवरं,
मान वाकडी करून चिखल चाळणारा एक रोहित,
आणि त्याच्या मागे, अगदी नेमात,
टॉवरच्या कुठल्याशा मजल्यावर वाळत घातलेली चादर.

भुयाराचं विचारलं. इथे आलेला प्रत्येकजण विचारतो,
घारापुरीला निघतं म्हणे, पाण्याखालून.
चांगुणा हसली नाही.
"माझा सासरा पाच वाव आत गेलेला.
पुढं पानी. मागं सासू हाका मारते."
मी नकाशावर तुटक रेघ काढली,
पाच वाव,
म्हणजे सासऱ्याचे पसरलेले दोन हात, पाच वेळा.

ऊन चढलं. टेप गुंडाळताना
तिने टोक माझ्यापुढे धरलं,
"ह्याच्यावर एक कुठं लिवलाय?"
नव्हता. पहिले दहा सेंटिमीटर तुटून गेलेले
कधी, कुठल्या भिंतीपाशी, कोण जाणे.
सकाळपासून ती दहाचा आकडा दगडाला टेकवत होती
आणि मी तिथे शून्य समजत होते.
म्हणजे वहीतला तट
खऱ्या तटापेक्षा चार-पाच बोटं जाड,
आणि फटी तर दुप्पट;
माझ्या किल्ल्यात खाडीतूनही आतलं सगळं दिसेल.
"आसू दे," चांगुणा म्हणाली,
"तेवढा खारीनं खाल्ला आसंल."

ती निघाली. शेळ्या तिच्यामागून उतरल्या,
एकामागे एक, त्याच त्याच दगडांवर खूर ठेवत,
मधला एक चांगला रुंद दगड सोडून.
तिघींनीही सोडला.
मी मिटलेली वही पुन्हा उघडली.
कुठला दगड हलतो,
हा रकाना मी आखलाच नव्हता.